बरणी भरून ठेवावी

१

मी पाणी आधी हुंगते, मग पिते. काउंटीच्या पाणीखात्यात सव्वीस वर्षं नमुने तपासले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण नाक काही निवृत्त झालेलं नाही. कुणाच्या लग्नात असो की चर्चच्या तळघरातल्या कॉफीपानाला, पेला आधी नाकाशी जातो. लोकांना ते आवडत नाही. माझा धाकटा भाऊ डेलमर मला चारचौघांत 'आमची शिकारी कुत्री' म्हणतो. म्हणू दे. पाण्यात काय काय वळवळतं ते भिंगाखाली मी पाहिलंय, त्याने नाही.

डेलमरचं पाणी तर मी दोनदा हुंगते. तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा माझी डावी काढून त्याला बसवली. तेव्हापासून तो रोज मूठभर गोळ्या घेतो. शरीराने माझी किडनी परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्या गोळ्या, आणि त्यांनीच अंगातली रोगाशी लढायची ताकद मारून टाकलेली. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं: दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि भलत्या पाण्याचा एक घोटही जाता कामा नये. मी मान डोलावली. मला हे सांगायची गरज नव्हती.

म्हणून सप्टेंबरात त्याने कालव्याच्या सफरीचा विषय काढला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कम्बरलँडपासून जॉर्जटाउनपर्यंत, एकेकाळी खेचरं ज्या वाटेने बोटी ओढत नेत त्या वाटेने, एकशे चौऱ्याऐंशी मैल सायकल. आमचे वडील दर वर्षी 'पुढच्या उन्हाळ्यात नेतो' म्हणायचे आणि एका उन्हाळ्यात ते स्वतःच गेले. डेलमर म्हणाला, त्यांनी नाही नेलं तर तू ने, तसाही आता मी थोडा तूच आहे. तो असं बोलला की माझं काही चालत नाही. मी एकच अट घातली. पाणी मी भरणार, मी देणार, आणि त्याने कुठल्याही नळाला तोंड लावायचं नाही.

२

या कालव्यात बोटी चालायच्या बंद होऊन शंभर वर्षं झाली. काही ठिकाणी आत झाडं वाढलीत, काही ठिकाणी पाणी साचून राहिलंय आणि त्यावर हिरवी साय धरलीय. त्या सायीतून कासवं नाकं वर काढून बसतात. पहिल्याच दिवशी एक मेलेला मासा पोट वर करून फुगलेला दिसला, आणि त्या पोटावर चढून एक कासव खात होतं, सावकाश, घरी जेवायला बसल्यासारखं. मी नाकावर रुमाल धरला. डेलमर मात्र सायकल थांबवून बघत राहिला.

"बघ, त्याला हुंगावं लागत नाही," तो म्हणाला.

दर दोन-चार मैलांनी एक लॉक लागतं, म्हणजे बोटी वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायचा दगडी हौद, आणि शेजारी लॉकवाल्याचं घर. जुने नावाडी लांबूनच 'ए लॉक!' अशी हाक मारायचे, म्हणजे लॉकवाल्याने उठून दारं उघडावीत. डेलमरने प्रत्येक लॉकला ती हाक मारली. छप्पन्न वर्षांचा बाप्या. पहिल्या तीन लॉकना मला हसू आलं, नंतर राग आला, आणि संध्याकाळपर्यंत सवय झाली.

३

दुसऱ्या दिवशी अंदाज चुकला, आणि तो माझाच चुकला. वाटेत मुक्कामाच्या जागांवर हापसे आहेत. त्यांच्या पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, ते चालतं. त्यातले दोन वाटेत मिळतील असा हिशेब धरून मी बाटल्या भरल्या होत्या. पहिल्या हापशाचा दांडा काढून नेलेला, मानेला प्लास्टिकची पिशवी बांधलेली: दुरुस्तीसाठी बंद. सहा मैलांवर दुसरा, तीच पिशवी. ऊन असं की सप्टेंबर आहे की जुलै ते कळू नये. माझ्या वाटचं पाणी मी त्याला दिलं, तेही संपलं. शेजारी नदी वाहत होती आणि माझ्या सामानात गाळणी होती, पण वरच्या अंगाला शेतं आणि गुरं. त्या गाळणीवर मी माझा जीव सोपवला असता, त्याचा नाही.

दोन वाजता एक लॉक लागलं. घराचं छप्पर अजून धड होतं. अंगणात पॉपॉ नावाच्या रानफळाची झाडं होती, त्यांची फळं पिकून जमिनीवर सडली होती आणि त्या काळ्या लगद्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. मधोमध बिडाचा जुना हापसा, दांड्यासकट. त्याच्या पायाशी काचेची मोठी बरणी, लोणच्याची असते तशी, झाकण लावलेली, काठोकाठ भरलेली. गळ्याला तारेने पत्र्याचा तुकडा अडकवला होता. त्यावर खिळ्याने कोरलं होतं: आधी ओता. मग प्या. जाताना भरून ठेवा.

आम्हाला ते वाचायचीही गरज नव्हती. आजोबांच्या शेतावर असाच हापसा होता. पडून राहिला की त्याच्या आतलं कातडं आवळतं, आणि वरून पाणी ओतून ते भिजवल्याशिवाय हापसा पाणी ओढत नाही. म्हणून शेजारी कायम भरलेलं भांडं, आणि घराचा कायदा एकच: ते पाणी हापशाचं, माणसाचं नाही. लहानपणी एकदा मी त्यातला घोट घेतला, तर वडिलांनी मला भर उन्हात मैलभर लांबच्या ओढ्यावर पाठवून भांडं भरायला लावलं होतं.

मी बरणी उन्हाकडे धरून पाहिली. इतकं नितळ पाणी मी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिलंय, आणि तेच मला खटकलं. काचेत पाणी आणि त्यावर दिवसभर ऊन, म्हणजे आठवड्यात हिरवं पडायला हवं. तळाशी गाळ हवा, एखाद्या माशीचा पाय तरी हवा. काहीच नव्हतं. कुणीतरी सकाळीच भरली असेल, असं मनाशी म्हणून मी तपासायच्या पट्ट्या आणायला सायकलकडे गेले.

पट्ट्या शोधायला दोन मिनिटं लागली असतील. परत आले तर डेलमर दोन्ही हातांनी बरणी तोंडाला लावून पीत होता. डोळे मिटलेले, गळ्याची गाठ वरखाली होत होती. पाऊण बरणी संपली होती.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तीन वर्षांच्या गोळ्या, माझ्या पोटावरची वीतभर खूण, सगळं काढलं. तो ओशाळून उभा राहिला. म्हणाला, हातात कधी घेतली ते कळलंच नाही. उरलेलं पाणी मी हापशात ओतलं आणि दांडा मारत सुटले. हापशाने आतून ढेकर दिला. त्याच्या तोंडातून बोटभर काळा, चिकट, केसाळ लगदा अर्धा बाहेर आला आणि लोंबत राहिला. त्यापुढे काही नाही. ओतायला पाणी पुरलं नव्हतं.

"भरून ठेवायचं राहिलं," डेलमर म्हणाला.

"कशाने भरू? थुंकून?"

हे मी बोलले. शब्द माझ्याच तोंडचे आहेत.

४

पुढच्या गावात सायकलींच्या दुकानामागे वाटसरूंसाठी एक पडवी आहे, तिथे उतरलो. मी सीलबंद पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं, तर त्याला तहानच नव्हती. दिवसभर उन्हात सायकल मारलेल्या माणसाला तहान नाही. मी जबरदस्तीने एक पेला पाजला.

डेलमरच्या पोटात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं हे मी तीन वर्षं वहीत लिहिते. त्याला लाज वाटत नाही आणि मलाही नाही, यंत्र शेवटी माझंच आहे. त्या संध्याकाळी बाहेरच्या रकान्यात शून्य. सकाळीही शून्य. पण ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं, आणि चेहरा तर तुकतुकीत झाला होता. मी स्वतःला समजावलं की एवढ्या उन्हात सगळं घामावाटे गेलं असेल.

खटकली ती हनुवटी. न्याहारीला तो अंडी खात होता आणि हनुवटी ओली होती. त्याने पुसली, ती पुन्हा ओली झाली. लाळ म्हणावं तर लाळेला तार येते. हे नुसतं पाणी होतं. खालच्या ओठाच्या मधोमध एक थेंब जमायचा, मोठा व्हायचा आणि अंड्यावर पडायचा. बशीत पिवळं पाणी साचलं. त्याने पावाच्या तुकड्याने ते टिपलं आणि खाऊन टाकलं, मग बशी वाकडी करून उरलेलं प्यायला.

माझ्या हातांवर वाढलेला भाऊ, आणि मी त्याच्यापुढून माझी खुर्ची मागे सरकवली. मला स्वतःची लाज वाटली, पण खुर्ची मी पुन्हा पुढे घेतली नाही.

५

तिसऱ्या दिवशी आठ मैलांत त्याचं मागचं टायर चारदा बसलं. पंक्चर सापडेना. हवा भरावी, तो बसावा, आणि टायर जमिनीला टेकावं. मी मागून चालवत होते म्हणून मला दिसलं: वाट कोरडी, भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक, माझ्या चाकाची रेघही उठत नव्हती, आणि त्याचं चाक बोटभर रुतत होतं. त्या चरात पाणी होतं. बाटली गळते का म्हणून मी पाहिलं, तर बाटली रिकामीच होती, त्याने ती भरूच दिली नव्हती. पाणी सायकलच्या सीटवरून खाली ओघळत होतं.

वाटेत तीन लॉक लागली. त्याने एकालाही हाक मारली नाही.

दुपारी तो एका ओंडक्यावर बसला तो उठेना. मी त्याचा मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. किडनी बिघडली की पाणी अंगात मुरतं आणि असाच खड्डा पडतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट समोर आली याचं मला क्षणभर समाधानच वाटलं. मग तो खड्डा खालून भरत आला. कातडीच्या छिद्राछिद्रांतून नितळ पाणी झिरपून त्यात साचलं, नखाएवढं तळं. डेलमर वाकला आणि त्याने ते जिभेने चाटून घेतलं.

"वाया कशाला घालवायचं," तो म्हणाला.

मी अंगठा गवतावर पुसला. मग पाटलोणीवर पुसला, मग झाडाच्या सालीवर घासला. अंगठा कोरडा होता तरी मी पुसत राहिले.

"व्हर्ना, मागे जाऊ. बरणी रिकामी आहे."

"तू आधी दवाखान्यात चल."

"बरणी रिकामी आहे गं," तो म्हणाला, जणू चुलीवर दूध ठेवून आलाय. तो बोलत असताना त्याच्या तोंडातून पाणी शब्दांबरोबर शर्टावर सांडत होतं.

फोनला तिथे रेंज नसते. मी पुलावर जाऊन एका शेतकऱ्याची गाडी थांबवली आणि दोन्ही सायकली तिच्यात टाकल्या. त्या भल्या माणसाने डेलमरला काखेत धरून मागच्या फळीवर चढवताना दोनदा दम खाल्ला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. डेलमर दिसायला साठ-पासष्ट किलोचा असेल.

६

दवाखान्यातली नर्स ग्लेनिस नावाची, माझ्याच वयाची. तिने रक्त काढलं. नळीत लाल रंग चढला तेव्हा मी श्वास सोडला. दुसरा कुठला रंग येईल असं मला वाटलं होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

तासाभराने ती कागद घेऊन हसत आली. रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा किडनी जितकी चांगली तितका कमी असतो; गेल्या तीन वर्षांत जो कधी दीडच्या खाली आला नव्हता, तो पॉइंट आठवर आला होता. इतकं छान काम करणारी बसवलेली किडनी मी या वर्षात पाहिली नाही, कुणी दिली, असं तिने विचारलं. मी दिली म्हटल्यावर तिने माझ्या पाठीवर थाप मारली. पायाची सूज उन्हाची असेल, मीठ कमी करा, पाय उशीवर ठेवून झोपा, उद्या परत दाखवा. डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं. मी लघवीचं सांगितलं. ते म्हणाले, आकडे खोटं बोलत नाहीत. सव्वीस वर्षं मीही लोकांना हेच सांगत आले.

डेलमर खुर्चीतून उठला. खुर्चीत पाणी होतं. ग्लेनिसने त्यावर कागदी रुमाल टाकला, मग दुसरा, मग अख्खी गुंडाळी उलगडली. माझ्याकडे बघायचं तिने टाळलं. तिला वाटलं ते मला कळलं, आणि तसंच असावं अशी मी मनोमन प्रार्थना केली.

ती पाठमोरी झाल्यावर मी त्यातला एक रुमाल उचलून नाकाशी धरला. पाण्यालाही वास असतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा, विहिरीच्या पाण्याला लोखंडाचा, पावसाच्या पाण्याला धुळीचा. माणसाच्या अंगातून आलेल्या पाण्याला तर असतोच असतो. याला कसलाच नव्हता.

७

सकाळी सहाला दवाखान्याजवळच्या लॉजवर जाग आली तेव्हा त्याचा बिछाना रिकामा होता, आणि त्याची सायकलही नव्हती. गादी मधे खचलेली, आणि त्या खळग्यात पाणी, वर एक मेलेला डास तरंगत होता. मी गादीला हात लावला नाही. सायकल काढली.

कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. वाटेवर सलग ओली रेघ गेली होती, पश्चिमेकडे, आलो त्या दिशेने. तीस मैल मी त्या रेघेच्या बाजूने सायकल मारली. चाक रेघेला लागू दिलं नाही. स्वतःशी वाद घालत होते. याला ताप चढलाय, तो भ्रमात आहे. गोळ्यांचा परिणाम. गढूळ पाण्यातून डोक्यापर्यंत गेलेला एखादा जंतू. सगळं शक्य होतं, आणि पाणी गढूळ नव्हतं.

समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मी थांबवून विचारलं. हो, भेटला की, आजोबा म्हणाले, एकदम खुशीत होता, फक्त त्याच्या सामानातली कुठली तरी पिशवी फुटलीय असं दिसतं. आजीबाई आपला बूट गवतावर पुसत होत्या, अगदी मी अंगठा पुसत होते तशा.

८

अकराच्या सुमाराला लॉक दिसलं. त्याआधी आवाज आला, आणि तो इतका घरगुती होता की मी घाबरले नाही. नळाखाली बाटली भरताना होतो तो आवाज: आधी भरड, मग बाटली भरत जाते तसा बारीक होत चढत जाणारा. मला वाटलं, हापसा चालू झाला.

पॉपॉच्या झाडाआडून पाहिलं. हापशाचा दांडा हलत नव्हता. तो काळा लगदा तसाच लोंबत होता, आता वाळलेला. डेलमर माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता. बरणी मांड्यांत धरलेली, मान खाली, आणि तोंड बरणीच्या तोंडात.

तो ओकत नव्हता. ओकणाऱ्या माणसाची पाठ उसळते. त्याची पाठ स्वस्थ होती. तो नुसता वाहत होता. उघड्या कोपरांवरून बारीक ओघळ निघून मनगटाकडे चालले होते, खालून वर, चढणीला, आणि बोटांवरून बरणीत उतरत होते. मानेवरचे ओघळ कानामागून पुढे. त्याचा गाल मागूनही दिसावा इतका बाहेर आला होता आणि त्याच्या आत काहीतरी सावकाश वळत होतं. मी डोळे मिटले. आवाज ऐकू येतच राहिला.

आवाज चढत चढत बरणीच्या गळ्याशी येऊन थांबला. मी डोळे उघडले तेव्हा डेलमर शर्टाच्या टोकाने बरणीची कड पुसत होता, आमचे वडील पुसायचे तशी. झाकण लावून तो वळला. सडसडीत, कोरडा ठणठणीत, दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"झालं बघ," तो म्हणाला. मग लॉककडे तोंड करून त्याने 'ए लॉक!' अशी खणखणीत हाक मारली आणि हसला. तो माझा भाऊ होता, यात मला शंका नव्हती आणि आजही नाही.

मी झाडाच्या बुंध्याशी ओकले. सडक्या फळांवर, गांधीलमाश्यांवर. त्या उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

९

तोंड पुसून मी पहिली गोष्ट केली ती बरणी उचलली. उद्या कुणीतरी तहानलेला माणूस येईल आणि त्या पत्र्यावरचं न वाचता हे पिईल, या विचाराने अंगावर काटा आला. कालव्याच्या कडेला गेले, झाकण काढलं आणि बरणी कलती केली. ओंजळभर पाणी साचलेल्या हिरव्या सायीवर पडलं. तिथली साय बाजूला सरकली, आणि कासवांची नाकं एकदम पाण्याखाली गेली.

मागे डेलमर कण्हला. मी वळून पाहिलं. त्याच्या खालच्या ओठाच्या मधोमध एक थेंब जमला होता. मी बरणी आणखी कलती केली. थेंब हनुवटीवरून गळ्यावर ओघळला, मागून दुसरा, तिसरा, आणि गाल भरत आला. मी बरणी सरळ केली. गाल उतरला.

"ओतू नको," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मला परत नाही जमायचं, व्हर्ना. आतून सोलून निघतं सगळं."

"मग काय करू? इथे राखण करत बसू जन्मभर?"

"कुणीतरी प्यायला हवं. कसं कळलं ते विचारू नको."

मी बरणी हापशाच्या पायाशी ठेवली. माझ्या डाव्या कुशीतली जुनी खूण शिवशिवत होती. त्या कागदावरचा पॉइंट आठ माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि तीन वर्षांपूर्वीचा, नळ्यांना जोडलेला, मेणासारखा पिवळा डेलमरही होता.

घंटी वाजली. पश्चिमेकडून दोन सायकली आल्या. दोघी बहिणी, ओहायोच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. चेहरे उन्हाने लाल, ओठ फुटलेले. दोन्ही हापसे बंद निघाले म्हणून धाकटी रडकुंडीला आली होती. मोठीने माझ्या टोपीवरचं काउंटीच्या पाणीखात्याचं बोधचिन्ह वाचलं आणि तिला धीर आला.

"हे हापशात ओतायचं असतं ना?" तिने बरणीकडे बोट दाखवून विचारलं. "आमच्या आजीकडे होता असा. ते पाणी प्यायचं नसतं."

डेलमर जमिनीकडे बघत होता. मी खिशात हात घातला. खिशात पत्र्याचा तुकडा होता, तारेसकट. तो मी बरणीवरून कधी काढला ते मला आठवत नाही.

"हापसा कधीचाच मेलाय," मी म्हटलं. "हे प्यायलाच ठेवलंय. मी तपासलंय."

मोठीने बरणी उचलली आणि धाकटीपुढे धरली. आधी तू पी, म्हणाली. मीही नेहमी तेच म्हणत आले. मी बघत राहिले. धाकटीने डोळे मिटले, तिच्या गळ्याची गाठ वरखाली होऊ लागली, आणि माझ्या शेजारी डेलमरने हळूच हाताच्या पाठीने हनुवटी चाचपून पाहिली. कोरडी होती. त्याने माझा हात धरला. मला तो झटकून टाकावासा वाटला आणि मी तो घट्ट धरला.

धाकटीने तळाचा थेंबही ठेवला नाही. मग मोठीला उगीच अपराधी वाटलं. चांगल्या घरची बाई होती.

"आता ही भरून कशी ठेवायची?" तिने विचारलं.

"घाई नाही," मी म्हटलं. "परत याल तेव्हा भरा."

"परत कुठल्या येतोय आम्ही. जॉर्जटाउनहून सरळ घरी," मोठी हसून म्हणाली आणि सायकलवर बसली. धाकटीही हसली. तिने मनगटाने हनुवटी पुसली, आणि मग पुन्हा पुसली.